वहीत नसलेले नाव

2019 सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. पौष पौर्णिमेला भरणारी म्हशाची यात्रा आटोपली होती. मुरबाड तालुक्यातील आमच्या मिशन केंद्रात सकाळची मिस्सा करून आम्ही ओसरीवर येऊन बसलो होतो. पायऱ्यांशी एक बाई उभी होती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि घड्यांवर फाटत आलेले दोन-तीन कागद. वर ये म्हटले तरी ती वर येईना. शेवटी आम्हीच खाली उतरलो.

तिचा घरधनी डिसेंबरात वीटभट्टीवर गेला होता, तो परत आला नाही. भट्टीसाठी माती खणताना दरड अंगावर आली आणि तो जागच्या जागी गतप्राण झाला. भरपाईचे पैसे मिळण्याची शक्यता होती. परंतु ज्या कार्यालयात ती जाऊन आली, तेथे तिच्याकडे लग्नाचा दाखला मागण्यात आला होता. ती आम्हांला म्हणाली, "फादर, तुझ्या वहीत आमचा लगीन लिवलाय ना? त्याचा कागद दे."

आमचे डोंगरातले लोक लहानथोर सर्वांना 'तू' म्हणतात. देवालाही आपण तसेच म्हणतो, म्हणून त्या एकेरी संबोधनाचे आम्हांला कधी वाईट वाटले नाही. त्या दिवशी मात्र त्या 'तू'ने आम्हांला चटका लावला, कारण बाई पुढे म्हणाली, "तूच तं माज्या पयल्या दोन पोरांला पाणी घातलास, तिकडं शहापूरला."

मग आम्ही तिला ओळखले.

आम्ही दप्तर काढले. तिच्या धाकट्या दोन मुलांच्या स्नानसंस्काराची नोंद आमच्या मुरबाडच्या वहीत होती. थोरल्या दोघांची शहापूरकडच्या वहीत असणार, हे आम्हांला पाहण्यावाचून ठाऊक होते, कारण ती आमच्याच हस्ताक्षरातली होती. तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही शहापूरला गेलो. वही उघडली. 1997. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, खाली आमची सही. मग विवाहाची वही मागितली व त्या वर्षापासून पुढची सारी पाने उलटली. तेथे काहीच नव्हते. आई म्हणून ती बाई ख्रिस्तसभेच्या दप्तरात चार वेळा होती. पत्नी म्हणून एकदाही नव्हती.

वाचकहो, या रित्या जागेचा जाब देणे आमच्याकडे लागते, म्हणून हा लेख.

1997 साली आम्ही गुरुदीक्षा घेऊन नुकतेच बाहेर पडलो होतो. सेमिनरीतील तत्त्वज्ञान व ईशज्ञान डोक्यात ताजे होते. शहापूर तालुक्यात, माहुलीचा किल्ला ज्या पाड्यावरून समोर दिसतो, तेथे हे तरुण जोडपे राहत असे. दोघांचाही स्नानसंस्कार झालेला, पदरी दोन लेकरे, आणि विवाह झालेला नाही. आम्ही त्यांना समोर बसवून पापाविषयी चांगले खडसावले. त्या तरुणाने सारे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "लगीन करायचा तं देज द्यायचा, गावाला भात घालायचा, लुगडी घ्यायची. कुठून आणू? भट्टीवरून आलो का पुढल्या साली करू." पुढल्या साली भट्टीवरून तो आला तो मागची उचल फेडून, रित्या हाताने. त्याच्या पुढल्या साली आमचीच बदली झाली. आमच्या रोजनिशीत त्या जोडप्याच्या नावापुढे 'पाहणे' एवढा एक शब्द लिहिलेला होता. तो तसाच राहिला.

त्या वेळी आम्ही पापाचा हिशेब केला. त्या बाईच्या उद्याचा हिशेब आम्हांला सुचला नाही.

शहरातल्या वाचकांचा येथे गैरसमज होऊ नये. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी या समाजांत लग्नाला मोल नाही असे मुळीच नाही. किंबहुना मोल फार आहे, म्हणूनच ते लांबणीवर पडते. वारल्यांचे लग्न धवलेरीवाचून लागत नाही. ती बाईच तेथे पुरोहित. सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि तो चौक लिहून झाल्याशिवाय लग्न लागले असे कोणी म्हणत नाही. मांडव, जेवण, मुलीच्या बापाला द्यायचे देज हे सगळे जमेपर्यंत जोडपे एकत्र नांदू लागते, पाडाही त्यांना नवरा-बायकोच मानतो. लग्न मात्र राहून जाते. मुलाच्या लग्नाच्या मांडवात आईबापांनीही बाशिंग बांधून घेतल्याची उदाहरणे या भागात आहेत. लोक यावर हसतात. आम्हांला मात्र त्यात एक ओढ दिसते. म्हातारपणी का होईना, आपले नाते चारचौघांत उच्चारले जावे, असे या माणसांना मनापासून वाटते.

पाड्यावर जोवर सारे ठीक चालले आहे, तोवर कागदाची गरज पडत नाही. ती पडते मृत्यूच्या वेळी, जमिनीच्या वाटणीच्या वेळी, आणि नवऱ्याने दुसरी आणली तर. त्या घटकेला बाईला पाड्याबाहेरच्या माणसाला सांगावे लागते की मी याची बायको आहे. आणि बाहेरचा माणूस विचारतो, कशावरून?

कायदा याबाबत काय म्हणतो, ते आम्ही तेव्हापासून थोडे नीट वाचले. 1955 चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीप्रमाणे चालतात. ही त्यांच्या परंपरेची बूज आहे, यात शंका नाही. परंतु रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. 2001 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका आदिवासी स्त्रीची तक्रार आली होती की नवऱ्याने दुसरे लग्न केले. नवरा संथाळ, ती उराव. दुसरे लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी आपल्या समाजात आहे हे ती दाखवू शकली नाही, आणि द्विभार्येचा गुन्हा उभा राहिला नाही.

आपल्या ख्रिस्ती लोकांची गोष्ट याहून निराळी आणि एका अर्थाने अधिक कठोर आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे वधू-वरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल, तरी तो विवाह त्या कायद्याने सांगितलेल्या व्यक्तीपुढेच व्हावा लागतो. नाहीतर तो रद्दबातल. 1954 च्या विशेष विवाह कायद्याची नोंदणी पद्धतीची वाट तेवढी वेगळी आहे. याचा अर्थ असा की आमच्या पाड्यावरच्या एखाद्या ख्रिस्ती मुलीने सगळ्या गावाला जेवण घालून, धवलेरी बोलावून, रूढीप्रमाणे थाटात लग्न केले, तरी कायद्याच्या लेखी ते लग्न नव्हे. पाणी डोक्यावर पडले त्या दिवशी आम्ही त्या मुलीला ख्रिस्तसभेत घेतले, आणि तिला न सांगताच एका नव्या कायद्याखालीही आणले. ते सांगण्याची जबाबदारी कोणाची? आमचीच.

त्या बाईच्या बाबतीत हेच झाले. त्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात मयत कामगाराच्या आश्रितांची यादी दिलेली होती. तीत विधवा होती. अज्ञान मुले होती. अनौरस अज्ञान मुलांनाही तीत जागा होती. लग्नावाचून नांदलेल्या स्त्रीला नव्हती. पुष्कळ वर्षे नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्याचा विवाह झाला असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली म्हटले आहे खरे. परंतु ते गृहीत उलटवता येते, आणि त्याचा आधार घ्यायला वकील लागतो, तारखा लागतात, मजुरी बुडवून कल्याणपर्यंतचे एसटीचे भाडे लागते.

परतीच्या वाटेवर आम्हांला संत ऑगस्टिन आठवले. सेमिनरीत त्यांच्या 'कबुलीजबाबा'ची पारायणे केलेली. हे संत उत्तर आफ्रिकेचे. त्यांचे जन्मगाव तागास्ते आज अल्जीरियात आहे. धर्मांतरापूर्वी सुमारे 15 वर्षे ते एका स्त्रीबरोबर राहत होते. अदेओदातूस हा त्यांचा मुलगा तिच्याच पोटचा. रोमन कायद्यात आणि त्या काळच्या समाजात अशा स्त्रीला पत्नीचे स्थान नव्हते. मिलान शहरात ऑगस्टिनचे लग्न एका तोलामोलाच्या घरातल्या, अजून वयातही न आलेल्या मुलीशी ठरले आणि या स्त्रीला दूर करण्यात आले. पुन्हा दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही, असा देवाला शब्द देऊन ती एकटीच आफ्रिकेला परतली. मुलगा बापाकडे राहिला. स्वतःच्या हृदयाला पडलेल्या जखमेविषयी ऑगस्टिन लिहितात, परंतु त्या स्त्रीचे नाव लिहीत नाहीत. सोळाशे वर्षे जग ते पुस्तक वाचत आहे, आणि तिचे नाव कोणाला ठाऊक नाही.

पुढे बिशप झाल्यावर, इसवी सन 401 च्या सुमारास, त्यांनी विवाहाच्या चांगुलपणावर एक ग्रंथ लिहिला. अधिक चांगली बायको मिळेपर्यंत एखादी स्त्री ठेवून घेणाऱ्या पुरुषाला त्यांनी त्यात मनाने व्यभिचारीच ठरवले आहे. ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोण उभी राहिली असेल, हे सांगायला नको. आणि त्यांच्या प्रवचनांतून हेही दिसते की त्यांच्या त्या आफ्रिकेत विवाहाचा करार लेखी होत असे व त्यावर बिशप सही करीत. सहीचे मोल त्यांना कळलेले होते.

ख्रिस्तसभेला हे सार्वत्रिक नियम म्हणून ठरवायला आणखी अकराशे वर्षे लागली. वधू-वरांची संमती हाच विवाहाचा प्राण. विवाहसंस्काराचे सेवक ते दोघेच, धर्मगुरू हा साक्षी, ही आपली शिकवण आहे. परंतु नुसत्या संमतीवर भिस्त ठेवल्याने एक अनर्थ होई. पुरुष एकांतात एकीला वचन देई, पुढे तिला नाकारी आणि चारचौघांत दुसरीशी लग्न करी. पहिलीकडे पुरावा नसे. म्हणून 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने फर्मान काढले. तीन वेळा जाहीर सूचना, धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार यांच्यापुढे विवाह, आणि धर्मगुरूने वधू-वर, साक्षीदार, दिवस व स्थळ यांची वही जपून ठेवणे. आपल्या चर्चच्या कपाटातल्या विवाहाच्या वह्यांचा उगम हा असा आहे. फसवल्या गेलेल्या स्त्रियांच्या अश्रूंनी ती पहिली पाने भिजलेली आहेत. आम्हांला मात्र तरुणपणी ते कारकुनी काम वाटत असे!

याच आफ्रिकेच्या उत्तर टोकाला मोरोक्को हा देश आहे. तेथे 2004 साली नवा कुटुंब कायदा आला. स्त्री-पुरुष दोघांनाही विवाहाचे वय 18 ठरले. त्याहून लहान वयासाठी न्यायाधीशाची परवानगी हवी. आणि लेखी विवाहपत्र हाच विवाहाचा पुरावा मानला जाईल, असे सोळाव्या कलमाने ठरवले. अडचण अशी की तेथल्या डोंगराळ भागांत पिढ्यानुपिढ्या लग्ने कुराणातील फातिहा म्हणून, गावाच्या साक्षीने होत आलेली. कागद कोणाकडेच नव्हता. आपल्या पाड्यासारखेच हे. तेव्हा कायद्याने पाच वर्षांची एक खिडकी उघडी ठेवली. जुन्या जोडप्यांनी न्यायालयात यावे, झालेली मुलेबाळे वा गर्भारपण यांचाही विचार करून न्यायालयाने त्यांचा विवाह मान्य करावा. पाच वर्षे पुरली नाहीत. मुदत दोनदा वाढवली. अखेर 2019 च्या फेब्रुवारीत ती संपली, म्हणजे ती बाई आमच्या ओसरीशी येऊन उभी राहिली त्याच महिन्यात.

त्या खिडकीतून भलतेही काही आत शिरले, हे लपवू नये. कायद्याने आवरलेले अल्पवयीन मुलीचे लग्न किंवा दुसरी बायको आधी रूढीने करून घ्यायची आणि मग जुने लग्न म्हणून मान्य करून घ्यायची, अशी पळवाट काहींनी काढली. दुबळ्यासाठी ठेवलेल्या दारातून बलवान आत येतो, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही. पण म्हणून ते दार उघडणेच चूक होते, असे आम्हांला वाटत नाही. कायद्याने डोंगर चढून माणसांपर्यंत जायला हवे आणि त्याला वेळ लागतो, एवढे त्या देशाने ओळखले.

आपल्या समाजात ख्रिस्ती कायद्याची चर्चा पूर्वी पुष्कळ झाली आहे. 1869 च्या घटस्फोट कायद्यात पुरुषाला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. स्त्रीला मात्र नुसत्या छळाच्या किंवा त्यागाच्या आधारावर सुटका नव्हती, त्याला व्यभिचाराची जोड द्यावी लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि 2001 साली संसदेने कायदाच दुरुस्त केला. ख्रिस्तसभा विवाह अभेद्य मानते, तो विषय वेगळा. परंतु छळ सोसणाऱ्या स्त्रीला कायद्याने पुरुषाहून हलके लेखू नये, हे कोणाही समंजस ख्रिस्ती माणसाला पटेल. आमचे म्हणणे एवढेच आहे की या साऱ्या सुधारणा लग्न लिहिलेल्या स्त्रीसाठी आहेत. ज्या स्त्रीचे लग्न कोठेच लिहिलेले नाही, तिच्या दारापर्यंत 1997 ही पोचले नाही आणि 2001 ही पोचले नाही.

असो. बाईचे पुढे काय झाले? आम्ही धाकट्या दोघांचे स्नानसंस्काराचे दाखले दिले. त्यांवर बापाचे नाव होते, तेवढे कामास आले. बऱ्याच खेपांनंतर पैसे मुलांच्या नावे बँकेत पडले. पालक म्हणून आईने अंगठा दिला. तिच्या स्वतःच्या वाट्याला काही आले नाही. आम्ही ओशाळून तसे बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "पोरांचा झाला ना? मंग झाला."

त्यानंतर आम्ही आमची रीत बदलली. पाड्यावर जाताना विवाहाच्या नोंदींचे कोरे कागद पिशवीत असतात. कोणी एकत्र नांदत असेल, तर आधी खडसावत नाही. आधी अडचण विचारतो. ती बहुधा पैशाची निघते. तेव्हा जाणत्यांना सोबत घेऊन देजाचा बोलणे-चालणे होते, एकाच मांडवात चार-पाच जोडप्यांचे विवाह लावतो, जेवण मिशनच्या आवारात होते. धवलेरीला आदल्या रात्री तिची गाणी म्हणू देतो. मुलगी 18 ची आणि मुलगा 21 चा नसेल, तर थांबवतो. त्यावरून रोष घ्यावा लागतो, तोही घेतो. ख्रिस्ती विवाहाची नोंद आमच्या वहीत होते आणि दर तीन महिन्यांनी तिचा उतारा सरकारी निबंधकांकडे जातो. ख्रिस्ती नसलेल्या जोडप्यांना आम्ही ग्रामपंचायतीत पाठवतो. 1998 च्या राज्य कायद्याप्रमाणे विवाहाची नोंद तेथे होते, तीन साक्षीदार लागतात. एका मांडवात मुलाबरोबर म्हातारा बापही बाशिंग बांधून उभा राहिला. सही म्हणून अंगठा उमटवताना तो आम्हांला म्हणाला, "आता या वयात मी कुठं पळून जातंय, फादर?" म्हातारी मात्र हसली नाही. तिने तो कागद मागून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला.

सगळेच ऐकतात असे नाही. एका कातकरी तरुणाने आम्हांला सरळ सांगितले की कागदावर अंगठा दिला की पुढे काहीतरी जाते, हेच त्याच्या बापाने आणि आज्याने पाहिले आहे. त्याला उत्तर देणे आम्हांला जमलेले नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या वाड्यांत, बांधकामांवर, घरकामाला या भागातली जोडपी येतात. त्यांच्या मुलांना तुम्ही नाताळात कपडे देता, शाळेत घालता, हे आम्ही पाहिले आहे. एवढेच करा. एकदा त्या बाईला विचारा, "तुझे लग्न कोठे लिहिलेले आहे का?" नसेल, तर तिला आपल्या धर्मगुरूंकडे किंवा ग्रामपंचायतीत घेऊन जा. साक्षीदार कमी पडला, तर स्वतः सही करा.

त्या वर्षी 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, ती बाई पुन्हा आली. नवऱ्यासाठी मिस्सा हवी होती. घामेजलेल्या मुठीत दहाच्या काही नोटा होत्या. त्या आम्ही घेतल्या नाहीत, परंतु मिस्सांची वही पुढे ओढली आणि मृताचे नाव लिहिले. त्या वहीत शेवटी एक रकाना असतो, कोणाकडून म्हणून. आम्ही तिच्याकडे पाहिले.

"लिव," ती म्हणाली, "त्याची बायको."

ती वही मिस्सांची, विवाहाची नव्हे. कोणत्याही कार्यालयात ती चालायची नाही. तरी आम्ही तिचे पुरते नाव लिहिले आणि त्यापुढे 'पत्नी' असे लिहून खाली सही केली. 22 वर्षे उशिरा केलेली ती सही आहे.